म्हैसूरची तारवे आणि समुद्रावरचा दिवस

म्हैसूर म्हटले की डोळ्यांपुढे उभे राहतात ते राजवाडा, दसऱ्याची मिरवणूक, चंदन आणि रेशीम. समुद्राला त्या चित्रात जागा नसते. म्हैसूरची जुनी राजधानी श्रीरंगपट्टण हे कावेरीच्या दोन प्रवाहांनी वेढलेले बेट खरे. पण ते नदीतले बेट आहे. समुद्र तेथून सह्याद्रीच्या घाटांपलीकडे, अनेक दिवसांच्या मजलांवर. तरीही अठराव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत या अंतर्देशीय नगरीने शेकडो माणसे समुद्रावर धाडली. मार्च १७८६ मध्ये टिपू सुलतानाची वकिलात ताद्री बंदरातून इस्तंबूलकडे निघाली आणि जुलै १७८७ मध्ये दुसरी वकिलात पुदुच्चेरीहून फ्रान्सकडे निघाली. इतिहासग्रंथांतून या दोन्ही वकिलातींचा विचार झाला आहे, तो प्रामुख्याने त्यांच्या निष्पत्तीच्या अंगाने. कोणता तह झाला, कोणता हुकला, इंग्रजांविरुद्ध किती मदत मिळाली, या प्रश्नांची उत्तरे शोधताना एक साधी गोष्ट मागे पडते. ही माणसे कित्येक महिने लाकडी तारवांवर राहिली. तेथे त्यांनी अन्न शिजवले, मोजून दिलेले पाणी प्यायले, नमाज पढली, आजार काढले. आणि त्यांच्यापैकी पुष्कळजण परत आले नाहीत. राजकारणाच्या इतिहासाखाली दबलेला हा दिनक्रमाचा इतिहास स्वतंत्रपणे पाहण्याजोगा आहे.

म्हैसूरला समुद्राची ओढ लागली ती हैदरअलीच्या काळात. १७६३ मध्ये त्याने बिदनूरचे राज्य जिंकले आणि मंगळूर, होन्नावर, भटकळ या किनाऱ्यावर म्हैसूरचा प्रवेश झाला. टिपू गादीवर आला तेव्हा इंग्रजांशी युद्ध चालूच होते; मार्च १७८४ च्या मंगळूरच्या तहाने ते थांबले. पण स्वस्थता आली नाही. पुण्याचा दरबार आणि निजाम यांच्याशी १७८५ ते १७८७ या काळात म्हैसूरचे युद्ध झाले. मे १७८६ मध्ये बदामीचा किल्ला मराठ्यांच्या हाती पडला, तेव्हा म्हैसूरची तारवे अरबी समुद्र ओलांडून गेलेली होती. उत्तरेला मराठे आणि निजाम, पूर्वेला मद्रासचे इंग्रज अशी कोंडी झालेल्या राज्याला मोकळी दिशा उरली होती ती पश्चिमेची. खलिफाकडून राज्यपदाची मान्यता, बसऱ्याला व्यापारी वखार, युरोपातील कारागीर आणि इंग्रजांविरुद्ध मित्र, एवढ्या अपेक्षा त्या एका दिशेवर टाकलेल्या होत्या.

वकिलात श्रीरंगपट्टणहून नोव्हेंबर १७८५ मध्ये निघाली. गुलाम अली खान, नूरुल्ला खान, लुत्फ अली खान आणि जाफर खान हे तिचे प्रमुख होते. घाट उतरून किनाऱ्याला येणे, सामान जमवणे आणि जहाजे भरणे यांत काही महिने गेले. अघनाशिनी नदी गोकर्णाजवळ जेथे समुद्राला मिळते तेथील ताद्रीच्या खाडीतून ९ मार्च १७८६ रोजी चार जहाजांनी शिडे उभारली. त्यांची नावे गुराब-ए-सुरती, फख्र-उल-मराकिब, फतेह-ए-शाही मुअज्जी आणि नबी बख्श अशी होती. त्यांतील गुराब हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही. आंग्र्यांच्या आरमाराचा कणा त्याच नावाच्या जहाजांचा होता. चाकर, शिपाई, कारकून, आचारी मिळून सुमारे नऊशे माणसे या चार जहाजांवर होती. मिरी, वेलदोडे, चंदन आणि कापड असा विक्रीचा माल होता. आणि चार हत्ती होते. एक तुर्की सुलतानासाठी, दोन फ्रान्स व इंग्लंडच्या राजांसाठी आणि चौथा विकून खर्च भागवण्यासाठी.

या प्रवासाची हकिकत आज उपलब्ध आहे ती वकिलातीचा कारकून ख्वाजा अब्दुल कादिर याच्यामुळे. 'वकाए-इ-मनाझिल-इ-रूम', म्हणजे रूमच्या वाटेवरील मुक्कामांचा वृत्तांत, हे त्याच्या फारसी रोजनिशीचे नाव. मोहिब्बुल हसन यांनी तिची संपादित आवृत्ती १९६८ मध्ये सिद्ध केली. हा ग्रंथ प्रवासवर्णन म्हणून लिहिला गेलेला नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे लागते. मालकाला हिशेब द्यायचा आहे या जाणिवेने नोकराने लिहिलेले ते टिपण आहे. मुक्काम, भेटीगाठी, मालाची विक्री, बंदरांची स्थिती, वकिलांचे आपसातले मतभेद अशा गोष्टी त्यात येतात. समुद्र पाहून लेखकाच्या मनात काय उमटले ते शोधू जाणाऱ्या वाचकाची निराशा होते. परंतु दिनक्रमाच्या इतिहासाला अशी कोरडी साधनेच अधिक उपयोगी पडतात. ज्याला भव्यतेचे वर्णन करायचे नाही, तो बाजारभाव लिहून ठेवतो.

तरी या रोजनिशीत एक मोठी पोकळी राहतेच. वकील आणि अंमलदार तिच्यात नावानिशी वावरतात. शीड ओढणारा माणूस मात्र तिच्या केंद्रस्थानी नाही. ही उणीव एकट्या अब्दुल कादिराची नाही. त्या काळच्या बहुतेक दरबारी लेखनाची ती मर्यादा आहे. ती भरून काढण्यास दुसरे एक साधन साहाय्य करते, आणि ते या प्रवासाच्या सुमारे दोनशे वर्षे आधीचे आहे. अकबराच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात अबुल फजलने सिद्ध केलेल्या 'आईन-इ-अकबरी'त मीरबहरीच्या प्रकरणात जहाजावरील माणसांचे बारा वर्ग सांगितले आहेत. दोन शतकांनंतरच्या जहाजांना हा आराखडा लावणे धाडसाचे वाटेल. पण १८११ मध्ये टॉमस रोबक याने इंग्रज अधिकाऱ्यांसाठी खलाशांच्या हिंदुस्तानी बोलीचा कोश तयार केला, तेव्हाही सारंग, तांडेल, सुकाणी, भंडारी ही पदे जहाजांवर नांदत होतीच. म्हैसूरची तारवे या दोन साधनांच्या मधल्या काळातली आहेत. दोन्ही टोकांना जी व्यवस्था आढळते ती मध्येही बहुतांशी असणार, असे मानण्यास प्रत्यवाय नाही.

अबुल फजलची यादी वरवर पाहता पदांची जंत्री आहे. पण नीट वाचली तर तिच्यातून जहाजावरचा एक संपूर्ण दिवस उभा राहतो. पहिला नाखुदा, जहाजाचा धनी. कोठे जायचे ते तो ठरवतो. दुसरा मुअल्लिम, खोली, उथळ जागा आणि ग्रहतारे यांचे ज्ञान त्याला हवे, कारण जहाज सुखरूप नेण्याची जबाबदारी त्याची. तिसरा तांडेल, खलाशांचा म्होरक्या. चौथा नाखुदा-खशब, प्रवाशांना सरपण आणि गवत पुरवणे व माल चढवण्या-उतरवण्यास मदत करणे हे त्याचे काम. पाचवा सरहंग, जहाज धक्क्याला लावणे, सोडणे हे तो पाहतो आणि प्रसंगी मुअल्लिमाची जागा घेतो. सहावा भांडारी, सातवा कराणी. आठवा सुकाणगीर, नववा पंजरी, दहावा गुमटी, अकरावा तोफा डागणारा आणि बारावा खारवा.

यांतील चौथ्या पदापाशी थांबावे. प्रवाशांना सरपण पुरवण्यासाठी एक स्वतंत्र माणूस नेमलेला आहे, याचा अर्थ प्रवासी आपापले अन्न स्वतः शिजवीत होते. सर्वांना एकाच पंगतीत वाढणारे स्वयंपाकघर त्या जहाजावर नव्हते. ज्याचा त्याचा शिधा, ज्याची त्याची चूल. भिन्न जातींची, धर्मांची, प्रांतांची माणसे एका तारवात कोंबलेली असताना ही व्यवस्था सोयीची होती, आणि धोक्याचीही. डांबर, तेल, सुंभाचे दोर आणि वाळलेले लाकूड यांनी भरलेल्या जहाजावर अनेक चुली पेटणे म्हणजे रोज नव्याने पत्करलेली जोखीम. म्हणून मातीने लिंपलेल्या ठराविक जागीच विस्तव चेतवावा आणि वारा चढला की तो विझवावा, हा शिडाच्या जहाजांवरील सार्वत्रिक शिरस्ता. वादळाच्या दिवशी चूल बंद, आणि चूल बंद म्हणजे खजूर किंवा भाजलेले धान्य यांवर भूक भागवणे. एरवी तांदूळ, डाळ, तूप आणि सुकी मासळी हा हिंदी खलाशाचा नेहमीचा शिधा होता.

सातव्या पदात याहून गंभीर गोष्ट दडलेली आहे. कराणी हा जहाजाचा लेखनिक, हिशेबनीस. आणि प्रवाशांना पाणी वाटण्याचे कामही त्याच्याचकडे. जो पैशाचा हिशेब ठेवतो त्यानेच पाण्याचा ठेवावा, या नेमणुकीतच समुद्रावरील पाण्याचे मोल स्पष्ट होते. लाकडी टाक्यांत आणि पिंपांत भरलेले पाणी काही दिवसांत गढूळ होई, त्याला वास येई. तरी ते मापूनच मिळे. आंघोळ आणि कपडे धुणे खाऱ्या पाण्यावर भागवायचे. कावेरीकाठी वाढलेल्या माणसाला या व्यवस्थेची सवय होण्यास किती दिवस लागले असतील याची कल्पना करता येते. म्हैसूरच्या जहाजांवर त्यात हत्तींची भर होती. एका हत्तीला दिवसाला शंभर लिटरहून अधिक पाणी लागते. चाऱ्याचे ओझे वेगळेच. चार हत्तींच्या पाण्याचा हिशेब शेकडो माणसांच्या पाण्याशी ताडून पाहिला म्हणजे राजाच्या नजराण्याची किंमत खलाशाच्या घशाला कशी पडत होती ते कळते. त्या हत्तींपैकी एकही तुर्की सुलतानाच्या दरबारापर्यंत पोचला नाही.

दहावा वर्ग गुमट्यांचा. तळाशी झिरपलेले पाणी उपसणे एवढेच त्यांचे काम. जहाज नवे असो की जुने, लाकडाच्या सांध्यांतून पाणी येतच राही. तेव्हा दिवस आणि रात्र, भरती असो वा ओहोटी, हा उपसा थांबत नसे. जहाज तरंगत राहते ते मुअल्लिमाच्या ज्ञानामुळे, तसे या अखंड उपशामुळेही. पण बखरींना पहिला दिसतो, दुसरा दिसत नाही. पंजरी डोलकाठीच्या माथ्यावर बसून जमीन, परके जहाज किंवा वादळ दिसताच हाळी देई. सुकाणगीर मुअल्लिमाच्या सांगण्याप्रमाणे सुकाणू धरी. मोठ्या जहाजावर असे अनेकजण असत व ते आळीपाळीने काम करीत. आणि सगळ्यांत शेवटी खारवे, म्हणजे सामान्य खलाशी. शिडे चढवणे-उतरवणे त्यांच्याकडे. त्यांच्यातले काही पाणबुडेही असत, ते पाण्याखाली जाऊन भोके बुजवीत आणि अडकलेला नांगर सोडवीत. उत्तर कानडा आणि गोव्याच्या किनाऱ्यावर खारवी हे नाव धारण करणारा दर्यावर्दी समाज आजही आहे.

समुद्रावरचा दिवस घटिकांनी मोजला जाई आणि अंतरही काळानेच मोजले जाई. अरबी नाविकपरंपरेत 'झाम' हे माप होते. तीन तासांत जहाज जेवढे जाई तेवढे अंतर म्हणजे एक झाम. दिवसरात्र मिळून आठ झाम. या मापात एक व्यवहारी शहाणपण आहे. वारा नसेल तर कोसांना अर्थ राहत नाही. ध्रुवाची उंची मोजण्यासाठी गाठी मारलेल्या दोरीची लाकडी फळी पुढे धरायची, दोरी दाताखाली धरायची आणि बोटांच्या मापाने आपण उत्तरेला किती सरकलो ते ताडायचे, ही त्या परंपरेतील जुनी रीत. रात्र हा मुअल्लिमाच्या कामाचा वेळ, दिवस खलाशांच्या.

म्हैसूरची जहाजे निघाली ती मोसमाच्या अखेरीस. ईशान्येचे वारे मार्चमध्ये मंदावू लागतात. जूनमध्ये नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की कोकण-मलबारची बंदरे बंद होतात. कोकणात नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून तो पुन्हा 'उघडतो' तो याच चक्राला धरून. तेव्हा मार्चमध्ये ताद्री सोडणाऱ्या तारवांनी परतीचा विचार पाऊसकाळ सरेपर्यंत मनातून काढून टाकणेच प्राप्त होते. सुमारे महिन्याभराच्या प्रवासानंतर ती मस्कतला लागली. तेथे मुक्काम लांबला आणि इराणी आखातातून बुशहरमार्गे बसरा गाठेपर्यंत उन्हाळा भरात आला. त्या वर्षी रमझान जूनच्या अखेरीस सुरू झाला. म्हणजे जगातील अत्यंत तप्त समुद्रांपैकी एकावर, वर्षातील सर्वांत मोठ्या दिवसांत, तो महिना आला. प्रवाशाला रोजा पुढे ढकलण्याची मुभा धर्माने दिलेली आहे. ती कोणी घेतली आणि कोणी घेतली नाही, हा प्रश्न त्या तळपत्या फळ्यांवर माणसामाणसाने आपल्यापुरता सोडवला असणार.

या साऱ्या जीवनाची एक नोंद मराठी वाचकाच्या अगदी हाताशी आहे. ती आहे मराठी भाषेत. नाखवा, मालीम, सारंग, तांडेल, खलाशी, सुकाणू, दर्यावर्दी हे शब्द कोकणच्या किनाऱ्यावर इतके मुरले आहेत की त्यांचे परकेपण कोणाला जाणवत नाही. नाखव्यात फारसी नाखुदा आहे, मालीमात अरबी मुअल्लिम आहे, सुकाणूत अरबी सुक्कान आहे. पोर्तुगीज आले तेव्हा खलाशांच्या बोलीने त्यांचेही शब्द उचलले. पुढच्या शिडाला 'त्रिकेट' म्हणण्याची रीत त्यांतलीच. याच रीतीने फारसी 'लंगर' मराठीत 'नांगर' झाला आणि संस्कृत 'लांगला'तून आलेल्या नांगराशी एकरूप झाला. एकच शब्द जमीन उकरणाऱ्या अवजारासाठी आणि समुद्रतळ धरून ठेवणाऱ्या लोखंडासाठी. चार महिने शेती आणि आठ महिने दर्या असा संसार करणाऱ्या कोकणी माणसाला हा योगायोग विचित्र वाटला नसावा.

या शब्दसंपत्तीचे ऐतिहासिक महत्त्व वेगळेच आहे. १७८६ मध्ये बदामीच्या तटाखाली मराठी आणि म्हैसुरी फौजा एकमेकींचा जीव घेत होत्या. त्याच वर्षी मालवणच्या तारवावर आणि ताद्रीच्या तारवावर शीड चढवताना ऐकू येणारे शब्द बहुतांशी सारखे होते. आज्ञापत्रात आरमारासंबंधी स्वतंत्र प्रकरण आहे. गुराबा आणि गलबते यांचे प्रमाण किती असावे, आरमार पावसाळ्यात कोठे ठेवावे, जहाजांसाठी झाडे तोडताना रयतेच्या आंब्या-फणसांना हात का लावू नये, याचा विचार त्यात केलेला आहे. म्हैसूरच्या नौदलविषयक हुकुमांतील चिंता याहून फार निराळ्या नाहीत. जमिनीवरची राज्ये परस्परांची वैरी होती. समुद्राने मात्र त्यांना एकाच शिस्तीत बसवले होते. किनाऱ्यावरचा खारवी आज या झेंड्याखाली तर उद्या त्या झेंड्याखाली काम करी, आणि त्याच्या कामात पालटे असे काहीच नसे.

दुसऱ्या वकिलातीचा प्रवास याहून लांबचा आणि निराळ्या जातीचा होता. मुहम्मद दरवेश खान, अकबर अली खान आणि मुहम्मद उस्मान खान हे तीन वकील पिएर मॉनरॉनच्या 'लोरोर' या फ्रेंच जहाजावर जुलै १७८७ मध्ये चढले. मॉरिशस, म्हणजे त्या वेळचे ईल द फ्रान्स, आणि केप ऑफ गुड होप असा वळसा घालून ते ९ जून १७८८ रोजी तूलाँला उतरले. म्हणजे जवळपास अकरा महिने. येथे जहाज परके, खलाशी परके, दिवसाचे तुकडे पाडणाऱ्या घंटाही परक्या. युरोपीय जहाजावर अर्ध्या तासाला वाळूचे घड्याळ उलटे करीत आणि घंटा वाजवीत. चार तासांचा पहारा संपला की माणसे बदलत. पहिल्या वकिलातीतील माणसे आपल्याच तारवांचे धनी होती. या दुसऱ्या वकिलातीतील माणसे पाहुणे होती. १० ऑगस्ट १७८८ रोजी व्हर्सायला सोळाव्या लुईने त्यांचे स्वागत केले. एलिझाबेथ व्हिजे ल ब्रँ या चित्रकर्तीने दरवेश खानाचे भव्य चित्र रंगवले आणि आपल्या आठवणींत या वकिलांकडे झालेल्या भोजनाचे वर्णनही केले. पॅरिसला त्यांची वस्त्रे, दाढ्या आणि हाताने जेवणे दिसले. अकरा महिन्यांचा समुद्र त्या चित्रात नाही. पण ज्या म्हाताऱ्या अकबर अली खानाला तो सोसावा लागला त्याच्या शरीरात तो असणारच. त्या वर्षाअखेर फ्रान्सने त्यांना परतीच्या जहाजावर बसवले, काही कारागीर व बियाणे बरोबर दिले, आणि लष्करी साहाय्याचे आश्वासन मात्र दिले नाही. मे १७८९ मध्ये ते पुदुच्चेरीला पोचले. दोन महिन्यांनी बास्तीय पडला.

इस्तंबूलच्या वकिलातीला याहून जबर किंमत मोजावी लागली. बसऱ्याहून खुष्कीच्या मार्गाने ती सप्टेंबर १७८७ मध्ये राजधानीत पोचली, तेव्हा तुर्कस्तान रशियाशी युद्धात गुंतलेले होते आणि इंग्रजांना दुखावण्याची त्याची तयारी नव्हती. मान्यतेची पत्रे आणि मानाची वस्त्रे मिळाली. बंदर मिळाले नाही, फौज मिळाली नाही. इजिप्त व हजचा मार्ग धरून उरलेली मंडळी १७८९ च्या अखेरीस कालिकतला उतरली. निघाली होती सुमारे नऊशे. प्लेग, थंडी, उपासमार आणि समुद्र यांनी त्यांतील फार मोठा भाग गिळला होता. जहाजांचीही हानी झाली होती. परतलेले मूठभर होते.

या अनुभवातून टिपूने समुद्राकडे पाठ फिरवली नाही, ही गोष्ट उल्लेखनीय आहे. १७९६ मध्ये त्याने नव्या नौदलाचा आराखडा काढला. वीस मोठी लढाऊ जहाजे आणि वीस फ्रिगेट, त्यांवर देखरेख करण्यास अकरा 'मीर-यम', आणि किनाऱ्यावर तीन कचेऱ्या असा तो आराखडा होता. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि तो आराखडा कागदावर राहिला. किल्ल्यातील ग्रंथसंग्रह आणि दप्तर विजेत्यांनी नेले. चार्ल्स स्ट्यूअर्टने १८०९ मध्ये त्या ग्रंथांची सूची छापली, विल्यम कर्कपॅट्रिकने १८११ मध्ये टिपूच्या निवडक पत्रांचे भाषांतर प्रसिद्ध केले. म्हैसूरच्या समुद्राविषयी आज जे ठाऊक आहे त्याचा मोठा भाग अशा रीतीने पराभवातून हाती आलेला आहे.

त्या पत्रांत मात्र वकिलातींच्या अपयशाच्या हिशेबात न मावणाऱ्या काही गोष्टी आढळतात. मस्कतच्या वखारीवरील आपल्या अधिकाऱ्याला टिपू लिहितो ते रेशमाच्या किड्यांविषयी, ते पाळण्याची कला जाणणाऱ्या माणसांविषयी, खजुराच्या रोपांविषयी, केशराच्या बियांविषयी, मोती काढणाऱ्या पाणबुड्यांविषयी. रेशमाचे किडे जहाजातून आणणे म्हणजे काय, याचा विचार करावा. खाऱ्या वाऱ्यापासून त्यांना जपायचे, उन्हापासून सावरायचे, पाला ताजा ठेवायचा. जेथे माणसाला पाणी मापून मिळते तेथे किड्यांची अशी निगा राखायला सांगणारा राजा दूरदर्शी होता की निष्ठुर, याचे उत्तर एका शब्दात देता येणार नाही. हे प्रयोग सगळेच फळले नाहीत आणि पुढे बंगालकडूनही साहाय्य घ्यावे लागले. पण आज म्हैसूरचे नाव ज्या रेशमाने घरोघरी पोचले त्याच्या उगमाशी तारवाच्या पोटातील ही जिवापाड जपणूक आहे, हे विसरता येत नाही.

शिडाच्या जहाजावरील ती जुनी व्यवस्था वाफेच्या युगात लोपली, तरी तिचा अर्थ संपला नाही. १९ ऑगस्ट २००९ रोजी कमांडर दिलीप दोंदे यांनी मुंबईहून 'म्हादेई' या छप्पन्न फुटी शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेस प्रारंभ केला. फ्रिमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली आणि केप टाउन अशा चार थांब्यांनंतर १९ मे २०१० रोजी ते मुंबईला परतले. अशी परिक्रमा करणारे ते पहिले भारतीय. या मोहिमेची कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची, आणि नौका बांधली ती गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी. अबुल फजलच्या यादीशी हा प्रवास ताडून पाहिला तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते. नाखुदा, मुअल्लिम, तांडेल, भांडारी, कराणी, सुकाणगीर, पंजरी, गुमटी, खारवा ही सगळी पदे एकाच माणसाकडे आली. यंत्रे साहाय्याला होती. परंतु पाण्याचा हिशेब, रात्रीचे जागरण, फाटलेल्या शिडाची शिवण आणि वाऱ्याकडे लागलेला कान यांतून सुटका नव्हती.

याहून जवळचा दुवा अलीकडचा आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातील जहाजावरून बेतलेली, काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून गोव्यात बांधलेली 'कौंडिण्य' ही नौका मे २०२५ मध्ये कारवार येथे नौदलात दाखल झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस ती केवळ शिडांच्या बळावर पोरबंदरहून निघाली आणि जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोचली. कारवारपासून ताद्री फार दूर नाही, आणि मस्कत हाच म्हैसूरच्या चार तारवांचाही पहिला मोठा मुक्काम होता. कौंडिण्यच्या प्रत्येक खलाशाचे नाव आज नौदलाच्या दप्तरी आहे. दोनशे चाळीस वर्षांपूर्वी त्याच समुद्रावर गुराब-ए-सुरतीच्या तळाशी बसून पाणी उपसणाऱ्या माणसाचे नाव दरबारी वृत्तांताच्या वाट्याला आले नाही. तो उपसत राहिला म्हणून वकील मस्कतला पोचले आणि अब्दुल कादिराला लिहिण्यासारखे काही उरले. म्हैसूरच्या समुद्रपर्वाचा इतिहास लिहिताना दरबारातील मानाच्या वस्त्रांबरोबर त्या उपशाचीही नोंद घ्यावी लागेल. कारण तहांचे शब्द फोल ठरले तरी तारू तरंगत ठेवण्याचे ते काम शेवटच्या मुक्कामापर्यंत खरे उतरले होते.